सहीपुरती सरपंचीण



1 सप्टेंबर 2023 ला आपल्या गावी उपोषणाच्या मांडवात लाठीमार झाला, तेव्हां तेथे बायाही होत्या. त्यांतल्या किती जणी ग्रामसभेत तोंड उघडतात?

2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या. पण निवडून यावे बाईने, बोलावे यजमानांनी, आणि सहीपुरता कागद चुलीपाशी यावा, असे कित्येक गावी चालते. सगळा दोष यजमानांना देऊ नये. न वाचतां सही करणारा हात बाईचाच असतो.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असे कायद्यातच आहे. मग पाण्याचे, रेशनचे तेथेच बोलावे आणि वहीत लिहवून घ्यावे. येत्या सभेत पाण्याचा विषय मी मांडणार. शेजारी कोण बसते, आत्तांच सांगा.