टेलिफोनचे जुने नकाशे

किल्ल्यांचे किंवा जुन्या राज्यांचे नकाशे जपावेत, हें कोणास सांगावें लागत नाहीं. टेलिफोनच्या तारांच्या नकाशांस मात्र हा मान क्वचितच लाभतो. ते रोजच्या कामाचे कागद होते. नवी तार पडली कीं नवा नकाशा निघे आणि जुना रद्दींत जाई. ज्याचा उपयोग संपला, त्याचें मोल संपलें, हा समज या बाबतींत फार घातक ठरला आहे.

अमेरिकेंत १८७८ सालीं न्यू हेवन शहरीं टेलिफोनचें केंद्र उघडलें, तेव्हां त्याचे ग्राहक अवघे २१ होते. पुढें शहरें एकमेकांस जोडलीं जाऊं लागलीं. न्यूयॉर्कहून शिकागोस बोलण्याचा मार्ग १८९२ सालीं खुला झाला. सॅन फ्रॅन्सिस्को मात्र १९१५ सालीं जोडलें गेलें. मधल्या काळांत पश्चिमेस स्थानिक तारा होत्या, पण पूर्वेकडून निघालेली सलग रेघ समुद्रापर्यंत पोहोंचत नव्हती. हा कांहीं नकाशा काढणाराचा आळस नव्हे. तारेंतून जातां जातां आवाज क्षीण होतो. १९११ सालीं मार्ग डेन्व्हरपर्यंत गेला आणि तेथेंच ती शक्ति सरली. निर्वात नळीच्या वर्धकानें आवाजास नवें बळ दिलें, तेव्हांच रेघ पुढें सरकली. रेघ जेथें थांबते, तेथें त्या काळच्या विज्ञानाची सीमा आहे. म्हणूनच सालावांचून असा नकाशा मुका होतो.

आणि नेमकें हें सालच संग्राहकाच्या हातून नाहींसें होतें! चौकटींत नीट बसावा म्हणून तो कागदाची कड कापतो; आणि साल, आवृत्ति व कंपनीचें नांव पुष्कळदां त्या कडेवरच असतें. पेन्सिलीच्या खुणा, लाल शाईच्या दुरुस्त्या पुसून टाकण्याचा मोहहि तसाच. छापील नकाशा योजना सांगतो. त्यावरची दुरुस्ती प्रत्यक्षांत काय घडलें तें सांगते.

रस्तोरस्तींच्या खांबांच्या आराखड्यांचें महत्त्व याहून निराळें. १८८८ च्या मार्चांतील हिमवादळानें न्यूयॉर्कच्या तारा कोलमडल्या आणि त्या जमिनीखालीं नेण्याच्या कामास जोर आला. ते खांब आतां नाहींत. ते कोठें होते याची साक्ष कागदच देणार.

जतनाविषयीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. जुन्या छापील कागदांतील आम्ल मारण्यासाठीं ते अल्कधर्मी कागदांत ठेवतात, आणि तें योग्यच आहे. परंतु निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा असलेली ब्लूप्रिंट अशा कागदांत ठेवल्यास तिचा निळा रंगच नष्ट होतो. तिला आम्लरहित पण अल्करहितहि वेष्टण हवें. उजेडानें तो रंग फिका पडतो. अंधारांत ठेवल्यास तो कांहीं अंशीं परत येतो. घडी घालूं नये, चिकटपट्टी लावूं नये. नकाशा सपाट ठेवावा व तो कोठून मिळाला याची नोंद सोबत असावी.

आपल्या मुंबईंतहि टेलिफोनचें केंद्र १८८२ सालीं सुरू झालें. एखाद्या जुन्या पेढीच्या माळ्यावर तारांच्या रेघांची गुंडाळी हातीं लागलीच, तर ती झटकून रद्दींत टाकण्यापूर्वीं कडेवरचें साल तेवढें वाचावें. शहरें एकमेकांशीं बोलूं कशीं लागलीं, याचा तो दाखला असूं शकेल.