मत मागणाऱ्याला नकाशा मागा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



नगरपालिकेच्या निवडणुकीत उमेदवार नळ, गटार, दिवाबत्ती यांवर तासभर बोलतो. विकास आराखड्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आणि तोच आराखडा सभागृहात नगरसेवकांच्या मतांनी पुढे सरकतो.

पुण्याचे पाहा. २०१७ साली ११ गावे महापालिकेत गेली, २०२१ साली आणखी २३. गाव शहरात गेले की आज ना उद्या गटनंबरावर रंग चढतो. पिवळा पडला तर घरे बांधता येतात. हिरवा राहिला तर बहुतेक शेतीच करायची. बगीच्याचे किंवा रस्त्याचे आरक्षण पडले, तर बांधता येत नाही आणि धड भावाने विकताही येत नाही. शहराला घरे हवीत, मैदाने हवीत, जरूर हवीत. पण त्यांची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी?

१९६६ च्या नगररचना कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची. पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते. म्हणजे बारा वर्षे! तेवढ्यात घरात वाटण्याही होऊन जातात.

म्हणून दारात येईल त्याला तीन प्रश्न विचारा. प्रारूप नकाशा चावडीवर लावणार का? मोबदला कधी आणि कोणत्या दराने? मजुरांच्या घरांना जागा कुठे? उत्तर लेखी घ्या. प्रारूप प्रसिद्ध होताच मुदतीत हरकत नोंदवा, पोच जपून ठेवा. मुदत टळल्यावर नुसत्या घोषणांनी नकाशा पुसला जात नाही.