परवान्याचे दुसरे पान



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला संगणकाच्या आज्ञावलींवर बोलायला उभे केलेले पाहून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. माझे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, करारांचे मसुदे वाचता वाचता झाले. परंतु आजचा विषय मुळात दिलेला शब्द पाळण्याचा आहे, आणि त्याच्याशी माझी रोजची गाठ आहे.

गेल्या वर्षी आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा माझ्याकडे आला. तो एका लहानशा कंपनीत यंत्रांसाठी आज्ञावल्या लिहितो. त्याला वरून हुकूम झाला होता : इंटरनेटवर मिळणारी अमुक आज्ञावली आपल्या मालात घाल, तिच्यावरचे कर्त्याचे नाव आणि परवाना पुसून टाक, आणि माल बंद करून दे. मुलगा म्हणाला, "काका, ती फुकटच मिळते. मग माझे मन मला का खाते?" मी विचारले, "परवाना वाचलास का?" त्याने वाचला नव्हता. मग आम्ही दोघांनी बसून तो वाचला.

आज्ञावलीची रूपे दोन. एक माणसाने लिहिलेले, माणसाला वाचता येणारे. त्याला सोर्स कोड म्हणतात. दुसरे केवळ यंत्राला कळणारे. व्यापारी बहुधा दुसरेच विकतो आणि पहिले कुलपात ठेवतो. पण पहिले हाती असल्याखेरीज गिऱ्हाइकाला दुरुस्ती करता येत नाही, की आत काय चालले आहे हे धड कळत नाही.

अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना हे कुलूप मान्य नव्हते. १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली जीपीएल नावाचा परवाना सिद्ध केला. पुढे लिनस टोरवाल्ड्स यांनी आपली लिनक्स प्रणालीही १९९२ मध्ये त्याच परवान्याखाली आणली. या परवान्याचे पहिले पान उदार आहे : वापरा, अभ्यासा, बदला, हवे तर विका. दुसऱ्या पानावर अट आहे : ही आज्ञावली किंवा तिच्यावरून बनवलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती दिलीत, तर सोर्स कोडही त्याला मिळाला पाहिजे, आणि याच अटींवर. अट मोडली की परवानगी संपली. मग उरते ते कॉपीराइटचे उल्लंघन. आपल्या १९५७ च्या कायद्यातही संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीतच मोडते. ज्या कायद्याने कुलूप लागते, त्याच कायद्याने दार उघडे ठेवायचे, म्हणून या युक्तीला कॉपीलेफ्ट असे नाव पडले. आम्ही नाही का, मालकाने आमच्यावर उगारलेले स्थायी आदेश पाठ करून त्याच्याच पुढे ठेवायला शिकलो!

याचा अर्थ व्यापाऱ्याने या वस्तूला शिवूच नये असा नाही. आपल्याच कचेरीत वापरली, बाहेर दिली नाही, तर जीपीएल काही मागत नाही. एकाच डिस्कवर दोन स्वतंत्र आज्ञावल्या शेजारी नांदत असतील, तर एकीची अट दुसरीला लागत नाही. पण दोन्ही कालवून एकच वस्तू केली आणि ती विकली, तर सबंध वस्तूला अट लागते.

अट मोडणारे लहानच असतात असे नाही. लिंक्सिस कंपनीचे डब्ल्यूआरटी५४जी हे घरोघरी इंटरनेट पोचवणारे यंत्र होते. त्याच्या पोटात लिनक्स आहे आणि सोर्स कोड मात्र दिलेला नाही, हे २००३ साली जाणकारांनी उघडकीस आणले. त्याच वर्षी ही कंपनी सिस्कोच्या मालकीची झाली होती. बोभाटा झाल्यावर कोड प्रसिद्ध करावा लागला. त्यावरून स्वयंसेवकांनी २००४ पासून ओपनडब्ल्यूआरटी उभारले आणि त्या साध्या यंत्राला नवी कामे शिकवली. आता गंमत पाहा. २००५ साली कंपनीने त्या यंत्रातून लिनक्स काढून टाकले. पण लिनक्सवालेच यंत्र हवे असणारी गिऱ्हाइके एवढी निघाली की, त्याच वर्षी त्यांच्यासाठी निराळा नमुना बाजारात आणावा लागला. उघडे दार धंद्याला बुडवतेच असे नाही. न्यायालयाचे म्हणाल, तर जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने २००४ साली जीपीएलच्या अटी बंधनकारक मानल्या.

कारखानदार विचारील, "वर्षभर पगार देऊन लिहवून घेतले, ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती का द्यावे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, देऊ नका. पण मग घेऊही नका. स्वतः लिहा. नाही तर केवळ कर्त्याचे नाव व परवाना कायम ठेवा एवढेच मागणारे एमआयटी किंवा बीएसडी परवान्याचे काम निवडा. नाही तर कर्त्याला पैसे देऊन वेगळा करार करा. मायएसक्यूएलच्या मालकांनी आपली आज्ञावली अशीच दोन्ही तऱ्हांनी दिली. वाटा पुष्कळ आहेत. दुसऱ्याचे श्रम घेऊन त्याचे नाव पुसायचे, ही तेवढी वाट नव्हे.

त्या मुलाने हेच पर्याय कागदावर लिहून साहेबांना दिले. तोंडी बोलू नकोस, एवढे मी त्याला बजावले होते. साहेब रागावले, पंधरा दिवस त्याला काम दिले नाही. घरी म्हातारी आई आणि घराचा हप्ता; ते पंधरा दिवस त्याने कसे काढले ते मी पाहिले आहे. अखेर कंपनीने एमआयटी परवान्याची दुसरी आज्ञावली घेतली, आणि तिच्या कर्त्याचे नाव मालासोबतच्या पुस्तिकेत छापले गेले.

वाटाघाटींत मी आयुष्य घालवले. उत्पादनवाढीचे पान मालक मोठ्याने वाचतो आणि बोनसचे पान उलटायला विसरतो. आज्ञावली लिहिणारा दूरदेशीचा कारागीर आपल्याला कधी दिसणार नाही, तो आपल्या दारात धरणे धरणार नाही. त्याने आपल्या श्रमाची मजुरी पैशांत मागितलेली नाही. दुसऱ्या पानावर लिहिली आहे. ते पान वाचावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.