सातबाऱ्यावरचे नाव आणि वारसाचा हक्क

मालक वारला की त्याच्या मिळकतीवरचा वारसांचा हक्क त्याच क्षणी सुरू होतो. त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागत नाही, सोसायटीचा ठराव लागत नाही आणि मोठ्या भावाची परवानगीही लागत नाही. अर्ज, प्रतिज्ञापत्र, फेरफार हे सगळे मागाहून येते आणि आधीच मिळालेल्या हक्काची फक्त नोंद घेते. वारसा, मृत्युपत्र आणि घरच्या मिळकतीबद्दल लोक जे प्रश्न घेऊन येतात, त्यांतले बहुतेक हक्क आणि नोंद यांची गल्लत झाल्यामुळे उभे राहिलेले असतात. वकील, दस्तलेखक आणि महसूल कर्मचारी एकत्र बसतात अशा परिषदेत हा भेद आधी मांडायला हवा, कारण सही होण्यापूर्वी पक्षकाराला तो समजावून सांगण्याची संधी याच लोकांना मिळते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. वारसाचे प्रकरण गाव नमुना ६क मध्ये चढते, त्यावरून नमुना ६ मध्ये फेरफार लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकत आली तर ती ६अ मध्ये जाते आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा रद्द करतात. कलम १५७ सांगते की अशी नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरावी. लोक यातले ‘खरी धरावी’ एवढेच लक्षात ठेवतात. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द मात्र विसरले जातात. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले सापडते. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर एवढाच त्याचा अर्थ. पिढी उलटली, ती अक्षरे नव्या उताऱ्यावर यायची राहिली, की व्यवस्था पाहणाऱ्याची मुले स्वतःला एकट्याचे मालक समजू लागतात आणि चुलत भावंडांना कोर्टाची पायरी चढावी लागते.

शहरात हीच गल्लत नॉमिनीच्या बाबतीत होते. बँकेत नॉमिनी म्हणून ज्याचे नाव आहे त्याला पैसे दिले की बँक मोकळी होते, पण ते पैसे त्याने वारसांच्या वतीने घेतलेले असतात. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितले आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये तेच पुन्हा स्पष्ट केले. विम्यात पुढे २०१५ च्या दुरुस्तीने एक अपवाद आला. आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना रकमेवर स्वतःचा हक्क मिळतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये कलम १५४ब-१३ आले. त्यानुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद होऊ शकतो. फ्लॅट विकून टाकण्याचा अधिकार त्याला त्यातून मिळत नाही.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाची स्वतःची मिळकत हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे आधी वर्ग १ च्या वारसांकडे जाते. मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि आई हे त्यातले मुख्य वारस आणि त्यांना सारखा हिस्सा. आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुले मिळून त्या मुलाचा हिस्सा घेतात. आधी वारलेल्या मुलीच्या मुलांनाही तिचा हिस्सा मिळतो. आई वर्ग १ मध्ये आहे, वडील नाहीत, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. तरुण मुलाच्या अपघाती मृत्यूनंतर त्याची पत्नी, मुले आणि आई बरोबरीने वारस होतात, आणि ते हयात असताना वडिलांच्या हाती काहीच येत नाही.

‘आजोबांची मिळकत आहे, म्हणजे नातवाचा हिस्सा आहेच’ हे वाक्य प्रत्येक वकिलाने ऐकलेले असते, आणि ते निम्म्याहून अधिक वेळा चुकीचे असते. आजोबांनी स्वतः कमावलेले घर त्यांच्यामागे १९५६ च्या कायद्याने मुलाला मिळाले, तर ते मुलाचे स्वतंत्र घर ठरते आणि मुलगा हयात असेपर्यंत नातवाचा त्यावर जन्मसिद्ध हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८६ मध्ये स्पष्ट केले. जन्मसिद्ध हक्क फक्त वडिलोपार्जित सामाईक मिळकतीत, म्हणजे मिताक्षरेच्या परंपरेतून आलेल्या सहदायकी मिळकतीत असतो. खरा तिढाही तिथेच आहे आणि मुलींचा प्रश्नही तिथलाच आहे.

हिशेब हातात घेतल्याशिवाय हा बदल केवढा आहे ते कळत नाही. समजा, २४ एकर वडिलोपार्जित जमीन आहे आणि वडील वारल्यावर मागे आई, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. १९५६ च्या मूळ कायद्याप्रमाणे आधी वडिलांच्या मृत्यूपूर्वीच वाटणी झाली असे मानायचे. त्या काल्पनिक वाटणीत वडील, आई आणि दोन मुलगे यांना सहा-सहा एकर. मुली या वाटणीत नाहीत. मग वडिलांचे सहा एकर सहा वारसांत वाटले की प्रत्येकाला एक एकर. शेवटी प्रत्येक मुलाकडे सात एकर, आईकडे सात एकर आणि प्रत्येक मुलीकडे एक. आईचे हे सात एकर, म्हणजे एकूण जमिनीचा ७/२४ हिस्सा, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगली न्यायालयातून आलेल्या नेमक्या अशाच कुटुंबाच्या दाव्यात मान्य केला. त्याआधी काल्पनिक वाटणी कागदावर मानायची पण त्यातला आईचा हिस्सा मात्र धरायचा नाही, असा युक्तिवाद होत असे. त्याला त्या निकालाने पूर्णविराम मिळाला.

९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही जन्माने सहदायक आहे. महाराष्ट्राने हे पाऊल आधीच, २२ जून १९९४ रोजी उचलले होते, पण त्या दिवसापूर्वी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवले होते. केंद्राच्या दुरुस्तीने तोही भेद गेला. आता त्याच कुटुंबाचा हिशेब असा मांडता येतो. वडील, आई, दोन मुलगे आणि तीन मुली असे सात हिस्से होतात आणि वडिलांचा सातवा हिस्सा उरलेल्या सहा जणांत वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला चार एकर. मुलीचा एक एकर चार झाला आणि भावाचे सात एकर चार झाले. सभागृहात कायद्याचे स्वागत करणे सोपे असते. हे आकडे घरात मांडले जातात तेव्हा काय होते, ते खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या वकिलांना ठाऊक आहे.

दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत का, यावर न्यायालयांत बरीच वर्षे मतभेद होते. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तशी अट नसल्याचे सांगितले, कारण हा हक्क मुलीला जन्माने मिळतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्री व वाटण्या मात्र अबाधित राहतात. ‘वाटणी केव्हाच तोंडी झाली होती’ हा नेहमीचा बचावही या निकालाने अवघड केला. नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा नसेल, तर तोंडी वाटणीला सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार लागतो. म्हणून कुठल्याही वाटणीच्या दाव्यात जुने फेरफार वर्षवार लावून वाचणे हे पहिले काम ठरते.

हक्क मिळाला, आता तो टिकतो कसा? महाराष्ट्रात तो बहुधा हक्कसोडपत्रावर संपतो. तेरावा झाल्यावर भाऊ बहिणींना घेऊन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येतात. दस्त आधीच टंकलिहून तयार असतो. भाऊबीज तुटेल, माहेर बंद होईल या धास्तीने सही किंवा अंगठा उमटतो आणि चार एकरांच्या बदल्यात साडीचोळी मिळते. जवळच्या नातेवाइकाच्या नावे मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडीला मुद्रांक नाममात्र लागतो. दस्त स्वस्त आहे म्हणून निरुपद्रवी वाटतो, पण नोंदवलेले हक्कसोडपत्र सहजी मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करून ते दाव्यात रद्द करून घ्यावे लागते. बहिणीने आपणहून, समजून-उमजून हिस्सा सोडला तर कायद्याचा त्याला आक्षेप नाही. मात्र दस्त लिहिणाऱ्याने तिला भावांपासून बाजूला बसवून, ती नेमके किती क्षेत्र सोडते आहे ते आकड्यात सांगितल्याशिवाय हा दस्त करू नये. व्यवसायाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

दोन प्रकारच्या हक्कसोडी तर मुळातच निष्फळ असतात. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा ‘पुढे मिळणारा’ हक्क सोडता येत नाही, कारण तो अजून जन्मलेलाच नसतो. आणि तलाठ्यासमोर दिलेला ‘मला हिस्सा नको’ हा जबाब किंवा मुद्रांक कागदावरचे बिननोंदणी प्रतिज्ञापत्र यांनी स्थावरातला हिस्सा जात नाही. अशा कागदांवरून कमी झालेली बहिणींची नावे पुन्हा लावून घेण्यासाठी आजही अपिले होतात.

स्त्रीच्या स्वतःच्या मिळकतीबद्दल क्वचितच कोणी विचारते, आणि कायद्याचा सर्वांत खटकणारा भाग तिथेच आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर तिची मिळकत मुले आणि पती यांना मिळते. ते नसतील तर आधी पतीचे वारस, मग तिचे आईवडील. माहेरून वारसाने आलेली मिळकत, मुले नसतील तर, माहेरी परत जाते, पण तिने स्वतः कमावलेले धन परत जात नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे २००९ मध्ये आलेल्या एका प्रकरणात लग्नानंतर काही महिन्यांतच पती सर्पदंशाने वारला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आईवडिलांनी तिला शिकवले, तिने नोकरी केली आणि ती १९९६ मध्ये वारली. बँकेतली आणि भविष्य निर्वाह निधीतली तिची बचत तिच्या आईला न मिळता नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. कायद्याचे शब्द स्पष्ट असल्याने न्यायालयाला दुसरे काही करता आले नाही. हे कलम बदलले पाहिजे. तोपर्यंत मूलबाळ नसलेल्या प्रत्येक नोकरदार स्त्रीने मृत्युपत्र करणे हाच उपाय आहे.

मृत्युपत्राविषयीची भीती त्याच्या खर्चाबद्दल आणि अवघडपणाबद्दल असते. दोन्ही निराधार. साध्या कागदावर, कुठल्याही भाषेत, हाताने किंवा टंकलिहून ते करता येते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ ची अट मात्र काटेकोर आहे. करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून, किंवा ती आपलीच असल्याचे त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्यासमोर सह्या केलेल्या हव्यात. पुढे न्यायालयात या दोघांपैकी किमान एकाला साक्ष द्यावी लागते, म्हणून साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने लहान आणि मिळकतीशी संबंध नसलेले असावेत. नोंदणी केलेले मृत्युपत्रही हयातीत कधीही बदलता येते, आणि नंतरचे, रीतसर साक्षांकित झालेले बिननोंदणी मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृताला मागे सारते.

मृत्युपत्रे फसतात ती नियमांपेक्षा परिस्थितीमुळे. ज्याला सगळे मिळते त्यानेच करून आणलेला मसुदा, आजारपणात केलेली थरथरती सही, एका मुलीचे नावसुद्धा नसणे. अशा शंकास्पद बाबी दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सांगितले आणि तेव्हापासून हीच कसोटी लावली जाते. म्हणून एखाद्या वारसाला वगळायचे असेल तर त्याचे नाव घालून कारण लिहावे. गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर नेमके द्यावेत, आणि ‘यात न आलेली व यापुढे मिळणारी मिळकत’ कोणाला, हे एक वाक्य विसरू नये. सामाईक मिळकतीत वडील फक्त स्वतःच्या हिश्शाचे मृत्युपत्र करू शकतात. मुलांचे हिस्से त्यात लिहिले तरी ते देता येत नाहीत.

हयातीत बक्षीसपत्र करण्याचा मोह वृद्धांनी आवरावा. एकदा दिलेले परत येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द होऊ शकते, पण २०२२ च्या एका निकालाप्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर ते दिले होते हे दाखवावे लागते. ती अट दस्तातच लिहिणे शहाणपणाचे.

मृत्यूनंतरच्या दाखल्यांत नेहमी घोटाळा होतो. येणे रकमा, ठेवी आणि रोखे यांसाठी १९२५ च्या कायद्याखालचे उत्तराधिकार प्रमाणपत्र आणि वारस म्हणून मान्यतेसाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला, असे दोन वेगळे कागद दिवाणी न्यायालयातून मिळतात. दोन्हींनी मिळकतीच्या मालकीचा वाद कायमचा मिटत नाही.

हिंदू कायद्याबाहेरच्या कुटुंबांत नियम निराळे. मुस्लिम व्यक्तीला इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मिळकतीचे मृत्युपत्र करता येत नाही. सुन्नी हनफी कायद्यात वारसांपैकी एकालाच झुकते माप देण्यासाठीही इतरांची संमती लागते. ख्रिस्ती आणि पारशी यांचा वारसा १९२५ च्या कायद्याप्रमाणे चालतो.

गोव्यात धर्म कोणताही असो, पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली आणि २०१२ च्या गोवा कायद्यात नव्याने मांडलेली एकच पद्धत लागू होते. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर मिळकत पती-पत्नी दोघांची, निम्मी निम्मी. मुले किंवा आईवडील यांच्यासारखे हक्काचे वारस असतील तर मृत व्यक्तीच्या वाट्यातला अर्धा भाग त्यांच्यापासून काढून घेता येत नाही आणि मृत्युपत्र उरलेल्या अर्ध्याचेच होते. हा नियम गोव्याबाहेरही सोबत येतो. गोवेकराच्या मुंबईतल्या मिळकतीलाही गोव्याचाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. वाटणी तिथे इन्व्हेंटरी प्रकरणात होते. सर्व वारसांना बोलावून मिळकतींची यादी केली जाते आणि मूल्य ठरते. वाटता न येणारे घर असेल तर वारसांमध्येच बोली लागते. ज्याची बोली सर्वांत जास्त तो घर घेतो आणि इतरांना त्यांच्या हिश्शाची रक्कम चुकती करतो.