जन्माबरोबरचा शिक्का

श्रोतेहो, परदेशात गोऱ्या-काळ्यांचे तंटे झाले की आपण हळहळतो. तसला भेद आपल्या तुळजापूर-कळंबच्या शिवारातही आहे. तो मात्र चटकन नजरेत भरत नाही. गावाबाहेर पारध्यांची पालं दिसतात. आडनावं विचाराल तर पवार, काळे, शिंदे, म्हणजे तुमच्याआमच्यातलीच. तरीही गावात चोरी झाली, की पहिला संशय त्या पालांवरच का जातो?

या संशयाला एके काळी कायद्याचाच आधार होता. इंग्रजांनी १८७१ साली ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ केला आणि १९११ साली त्याची व्याप्ती वाढवली. गुन्हा शाबीत व्हायला नको. त्या जमातीत जन्म झाला, एवढं पुरे. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवान्यावाचून हलायचं नाही. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पण शेजारी सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवीत. त्या जागेचं ‘सेटलमेंट’ हे नाव आजही टिकून आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, मनावरचा राहिला. पारधी मूळचे फासे लावून तितर, लावे, हरणं धरणारे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंधनं आली. ती योग्यच, पण फासे सुटलेल्या हाताला दुसरं काम कुणी द्यायचं? संशयामुळे काम नाही, कामावाचून भूक, आणि भुकेपोटी एखाद्याचा हात वाकडा गेला, की ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो!’ म्हणून आपण मोकळे.

फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात. परंतु सवलतीला दाखला लागतो आणि दाखल्याला जुन्या रहिवासाचा पुरावा. पालात वाढलेल्यानं तो आणायचा कोठून? त्यांची बोली गुजरातीच्या जवळची. शाळेत आलेल्या पोराला गुरुजींची मराठीही परकीच.

तरी वाट निघते. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला १९९३ पासून भटक्या-विमुक्तांच्या मुलांची निवासी शाळा चालते. धनेगावचे लक्ष्मण गायकवाड अशाच एका शिक्का बसलेल्या जमातीतले. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, त्यापूर्वी धनेगाव आपल्याच जिल्ह्यात होतं. त्यांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

श्रोतेहो, चोरी झाली तर चोर जरूर शोधावा. पण पुरावा पाहावा, जात पाहू नये. आणि उद्या ग्रामसभेत एखाद्या पारध्याचा घराच्या जागेसाठी अर्ज आला, तर नाही म्हणण्यापूर्वी एवढंच विचारावं : या माणसानं केलं काय?