परतीची नळी
(रेल्वे व बंदर कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गातील भाषण)



माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, नोकरी रेल्वेच्या डिझेल शेडमधली. जहाजावरच्या बांधवांपुढे हा इंजिनाबद्दल काय बोलणार, असं आपल्याला वाटेल. पण पंप, पिस्टन, नोझल हे आपलं एकच कूळ आहे.

इंजिनाला लागतं त्याहून जास्त तेल पंप पुरवतो. जळायचं ते जळतं, उरलेलं परतीच्या नळीने मागे जातं. ते फुकट जात नाही. हवा आणि उष्णता बरोबर घेऊन जातं. नोझलच्या सुईभोवती पाझरणारं तेलही बारीक नळीने वेगळं काढतात. मोठ्या जहाजांवरचं जड तेल तर शंभर अंशांहून जास्त तापवून फिरतं ठेवावं लागतं, म्हणजे परतणारं तेलही कढतच.

या नळीला सगळे ‘कमी दाबाची’ म्हणतात, आणि तिथेच घात होतो. पंपाचा प्लंजर फवारणी थांबवतो त्या क्षणी जास्त दाबाचं तेल एकदम मागे सुटतं. असे ठोके मिनिटाला शेकडो बसतात. क्लॅम्प ढिले होतात, जोड पाझरतात. गेज बिचारं सरासरी दाखवतं.

१० फेब्रुवारी २०१३ रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ या प्रवासी जहाजाच्या इंजिनखोलीत आग लागली. सहाव्या इंजिनाच्या परतीच्या नळीतून तेल गळलं होतं. आग विझली, जीव कुणाचा गेला नाही. पण चार हजारांहून जास्त माणसं समुद्रात अडकली. चाल बंद, दिवे नाहीत, संडास तुंबलेले. ओढबोटींनी १४ तारखेला ते अलाबामातल्या मोबाईल बंदरात आणलं.

सोलास नियमांप्रमाणे जास्त दाबाच्या नळ्यांना दुहेरी कवच लागतं. १ जुलै २००३ पासून जुन्या जहाजांनाही. २२० अंशांवर तापणारे भाग झाकावे लागतात. परतीच्या नळीला मात्र ते दुहेरी कवच नाही. तिची भिस्त शिंतोडे अडवणाऱ्या आडोशावर आणि देखभालीवर. देखभाल माणसं करतात, आणि कपात पहिली माणसांचीच होते!

म्हणून पुढच्या मागणीपत्रात हे घाला: लवचिक नळी बसवल्याची तारीख नोंदवहीत हवी, मुदत संपली की नवी नळी मिळाली पाहिजे, आणि गळती दिसल्यावर चिंधी बांधून इंजिन चालवायला नकार देणाऱ्या कामगाराला चार्जशीट देता कामा नये.