चर्च, देऊळ आणि मंडळी



विरारपासून नायगावापर्यंतच्या फलाटांवर पहाटेपासून रात्रीपर्यंत जो शब्द पुनःपुन्हा कानी पडतो, तो 'चर्चगेट' हा होय. मुंबई बेटावरील कोटाच्या आत १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस नावाचे एक चर्च आहे. त्याच्याकडे नेणारा कोटाचा दरवाजा, तो चर्चगेट. पुढे कोट पाडला गेला, दरवाजाही त्यासोबत गेला, आणि नाव तेवढे मागे उरून आपल्या रेल्वेच्या पासावर येऊन बसले. परंतु विशेष असा की, आमच्या वसईचा जो ख्रिस्ती मनुष्य आठवड्याचे सहा दिवस चर्चगेटची गाडी धरतो, तो सातव्या दिवशी, निदान जुन्या पिढीतला असेल तर, 'चर्चला' जात नाही. तो देवळात जातो. मिस्सा ऐकून घरी परतलेल्या माझ्या आजीला 'कोठे गेली होतीस?' असे विचारले, तर 'देवळात' याखेरीज दुसरे उत्तर तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. हे उत्तर अज्ञानाचे नव्हते, तर ते शब्दशः बिनचूक होते, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

इंग्रजीतील 'चर्च' हा शब्द फार कामे करणारा आहे. दगडचुन्याची इमारत म्हणजे चर्च. त्या इमारतीत चालणारी उपासना म्हणजेही चर्च. एखादा विशिष्ट पंथ, जसा इंग्लंडचा राजमान्य पंथ, तोही चर्च. जगातील यच्चयावत् ख्रिस्ती माणसांचा समुदाय तोही चर्च. आणि राज्यसत्ता व धर्मसत्ता यांच्या संबंधाविषयी बोलताना धर्मसत्तेला जे नाव देतात, तेही पुन्हा चर्चच. इतके अर्थ एका शब्दात कोंबले असताना इंग्रज मनुष्य घोटाळ्यात पडत नाही, याचे कारण त्याच्या भाषेने काही खुणा करून ठेवल्या आहेत. मागे उपपद न लावता तो 'चर्च' म्हणाला, तर तो उपासनेस निघाला असे समजावे. उपपद लावून म्हणाला, तर छपराची दुरुस्ती करणारा गवंडीही तेथे जात असू शकेल. लिहिताना पहिले अक्षर मोठे काढले, की इमारत मागे पडून संस्था पुढे येते. आता आपल्या देवनागरीत ना मोठे अक्षर, ना मराठीत ते उपपद. त्यामुळे हा शब्द मराठीत जसाच्या तसा उचलला, की त्याचे ओझे तेवढे येते आणि खुणा मात्र सीमेवरच राहतात. 'चर्चने निर्णय घेतला' असे वृत्तपत्रात वाचल्यावर निर्णय गावच्या धर्मगुरूंनी घेतला, वसईच्या बिशपांनी घेतला की रोममध्ये पोपमहाशयांनी घेतला, याची खातरजमा वाचकाने कशी करावी?

या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे. 'प्रभूचे', म्हणजे प्रभूचे घर, अशा अर्थाच्या 'कुरिआकोन' या पदापासून इंग्रजांचा 'चर्च', स्कॉटलंडचा 'कर्क' आणि जर्मनांचा 'किर्खे' हे सगळे निघाले. परंतु बायबलच्या नव्या करारात, मूळ ग्रीकमध्ये, ज्या ठिकाणी आज इंग्रज वाचक 'चर्च' वाचतो, तेथे हा शब्दच नाही. तेथे आहे 'एक्लेसिया'. अथेन्सच्या नागरिकांची जी सभा भरत असे तिचे हे नाव. अर्थात तेथे घराचा, भिंतींचा, शिखराचा काही संबंध नाही, बोलावलेली माणसे एकत्र जमली की झाली एक्लेसिया. हाच शब्द लॅटिनमधून पोर्तुगीजांच्या तोंडी 'इग्रेजा' झाला आणि गोव्यात येऊन 'इगर्ज' झाला. म्हणजे युरोपात दोन शब्दांचा प्रवास विरुद्ध दिशांनी झाला: घराचे नाव माणसांना मिळाले आणि माणसांचे नाव घराला.

इंग्लंडात या एका शब्दावरून मोठा वाद माजला होता. १५२६ मध्ये विल्यम टिंडलने नवा करार इंग्रजीत छापला, तेव्हा त्याने 'एक्लेसिया'साठी 'चर्च' टाळून जमलेल्या समुदायाचा वाचक असा 'काँग्रिगेशन' हा शब्द घातला. सर टॉमस मोर यांच्यासारख्या विद्वानाने त्यावर कडाडून आक्षेप घेतला. कारण शब्द बदलला की अधिकार बदलतो, हे त्या विचक्षण पुरुषाने ओळखले होते. चर्च म्हटले की धर्माधिकाऱ्यांची परंपरा डोळ्यांपुढे उभी राहते. समुदाय म्हटले की नांगरधारी शेतकरीही त्याचा घटक ठरतो. टिंडलला १५३६ मध्ये पाखंडाच्या आरोपावरून देहदंड झाला. त्या आरोपांच्या यादीत पुष्कळ गोष्टी होत्या, परंतु शब्दांची निवड ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे, एवढे त्यावरून दिसते. पुढे १६११ साली प्रसिद्ध झालेल्या राजमान्य भाषांतराच्या वेळी पंडितांना जे नियम घालून दिले, त्यांत 'चर्च' हा जुना शब्दच कायम ठेवावा, असा स्पष्ट हुकूम होता.

मराठीचे भाग्य असे की, तिला हे भांडण भांडावेच लागले नाही. मराठी बायबल सिद्ध करणाऱ्या प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनी 'एक्लेसिया'ला 'मंडळी' हा शब्द दिला, आणि तो किती समर्पक आहे पाहा! घरची मंडळी, भजनी मंडळी, वारकरी मंडळी, जेवावयास बसलेली मंडळी: या शब्दात दगड नाही, नुसती माणसे आहेत, आणि तीही जिव्हाळ्याने एकत्र आलेली. कॅथलिकांमध्ये सर्व जगातील समुदायासाठी 'ख्रिस्तसभा' हा शब्द रूढ झाला, गावच्या घटकासाठी 'धर्मग्राम' आणि बिशपांच्या कार्यक्षेत्रासाठी 'धर्मप्रांत'. १९९८ साली आमचा वसई धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा हे शब्द घरोघर पोचलेले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभा म्हणजे ईश्वराची प्रजा, असे प्रतिपादन केले. 'मंडळी' म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नव्हते.

राहिली ती इमारत, आणि तिच्यासाठी माझ्या आजीचे 'देऊळ'. देऊळ हा शब्द संस्कृत 'देवकुल' यापासून आला. कुल म्हणजे घर. देवकुल म्हणजे देवाचे घर. 'कुरिआकोन' म्हणजे प्रभूचे घर, हे आपण आत्ताच पाहिले. अर्थात 'चर्च' या शब्दाचे याहून प्रामाणिक भाषांतर कोशकारांनी एकत्र बसूनही केले नसते. आणि ते केले कोणी, तर सोळाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या आमच्या केळी-पानवेलींच्या वाडीवाल्यांनी, ज्यांना ग्रीक ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पोर्तुगीज अंमल येथे १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षे होता. त्या अमलातून पाद्री आला, क्रूस आला, नाताळ आला, मिस्सा आली, हे सर्व शब्द वसईकराने मोकळ्या मनाने घेतले. परंतु देवाच्या घराला मात्र त्याने आपल्या पूर्वजांचेच नाव ठेवले. निर्मळ गावी शंकराचार्यांच्या समाधीचे स्थान आहे आणि ख्रिस्ती देऊळही आहे. कार्तिकात तेथे यात्रा भरते तेव्हा कोणत्या देवळाविषयी बोलणे चालले आहे, हे समजण्यास गावकऱ्याला दुसऱ्या शब्दाची गरज पडत नाही. पोर्तुगीज अंमल संपवणाऱ्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर या मुलखातील घंटा देशावर गेल्या. मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर, १७०७ हे साल कोरलेली आणि बाळ येशूस कडेवर घेतलेल्या मरियामातेची प्रतिमा असलेली घंटा आजही टांगलेली आहे. ती एका देवळातून दुसऱ्या देवळाकडे गेली, असे आमच्या बोलीत सहज म्हणता येते. इंग्रजीत ते वाक्य होत नाही.

अलीकडे मात्र इंग्रजी शाळांतून शिकणाऱ्या आमच्या मुलांच्या तोंडी 'देऊळ' कमी झाले आहे. ती 'चर्च' म्हणतात, आणि देऊळ म्हणजे फक्त हिंदूंचे, असे समजू लागली आहेत. त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेले नाही. इंग्रजी बोलताना त्यांनी 'चर्च' अवश्य म्हणावे आणि त्याचे सर्व अर्थ नीट शिकावे. परंतु मराठी बोलताना जो शब्द चारशेहून अधिक वर्षे आपल्या घरात नांदला, तो त्यांच्या हाती देणे हे आपणा वडीलधाऱ्यांचे काम आहे. म्हणून वसई, पापडी, नंदाखाल, आगाशी, गास येथील माझ्या श्रोत्यांना एवढीच विनंती करतो की, येत्या रविवारी मुलांना हाक माराल, तेव्हा 'चला, देवळात जाऊ' असेच म्हणा.